लाईट गेल्यावर मशीन चालेल का?

पगाराच्या नोकरीबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. राहुरी तालुक्यातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक होतो. प्राध्यापक फळ्यावर शिकवायचे, मी टेबलावर वायरी जोडून ठेवायचो. गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला नाही की पोरं प्राध्यापकांकडे न जाता माझ्याकडे यायची, कारण काटा का हलत नाही ते मला ठाऊक असायचं. तरी प्राध्यापकांना 'सर' आणि मला 'मामा'. मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स घेऊन, हे त्यातल्या निम्म्यांना माहीतच नव्हतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आई-वडील पाथर्डीकडचे; दसरा झाला की कोयते बांधून ऊसतोडीला निघायचे आणि मी आत्याच्या घरी राहून शाळा करायचो. ही गोष्ट मी सगळीकडे सांगतो, ऐकणाऱ्याला कंटाळा आला तरी सांगतो.

मला लिहायचंय ते दुसऱ्या कामाबद्दल. त्याला पगार नाही, हजेरीपट नाही, पण नोकरीपेक्षा नेमाने केलं. इंटरनेटवर एक मराठी ग्रुप आहे. तिथं लोक घरातल्या यंत्रांबद्दल, विज्ञानाबद्दल मनाला येईल ते विचारतात. फ्रिजच्या मागची जाळी गरम का होते, टॉवरमुळे चिमण्या मेल्या का, चंद्र दिवसा का दिसतो. नऊ वर्षं मी तिथं उत्तरं दिली. निवृत्तीआधी लॅबमधल्या रिकाम्या तासाला द्यायचो, निवृत्तीनंतर सकाळपासून. बायको नातीला सांभाळायला नाशकाला मुलाकडे गेली, त्याला आता तिसरं वर्ष आहे. मीही तिकडे महिनाभर राहून आलो. त्या घरात सगळ्यांना सगळं येतं. मला विचारायला कोणाकडे काही नव्हतं, म्हणून परत आलो. इथं निदान मोबाईल उघडला की कोणीतरी 'सर, एक शंका आहे' म्हणून उभं असायचं.

बाहेरच्यांना हे काम सोपं वाटतं. विचारलं, सांगितलं, झालं. तसं नसतं. माणूस जे विचारतो ते त्याचं दुखणं नसतं, दुखणं दोन प्रश्न पलीकडे असतं. म्हणून माझा एक नियम होता, आधी उलट विचारायचं. वस्तू किती जुनी, बिघाडाच्या आधी घरात काय बदललं, लाईट कशी असते. त्याशिवाय उत्तर लिहायचं नाही.

नेवाशाकडच्या एका शेतकऱ्यानं एकदा लिहिलं की विहिरीवरची मोटार भर दुपारी आपोआप सुरू होते. त्याच्या मनानं हे चुलतभावाचं काम होतं. आता या मोटारीच्या स्टार्टरला एक पेटी असते, पेटीत सिमकार्ड असतं. घरी बसून त्या नंबरला रिंग दिली की मोटार चालू. मी विचारलं, 'पेटीच्या नंबरवर आणखी कोणाचे फोन येतात?' तो म्हणाला, 'सर, पेटीला कोण फोन करणार?' मी म्हटलं, कंपनीकडून त्या सिमची यादी काढा. यादी निघाली. दिवसाला पाच-सहा फोन, सगळे कर्ज विकणाऱ्यांचे. पलीकडची मुलगी 'पर्सनल लोन हवंय का' म्हणून रिंग द्यायची आणि इकडे मोटार इमानदारीत सुरू व्हायची. पेटीत ठरावीक तीन नंबर भरून ठेवायचे, बाकीच्यांना ती दाद देत नाही, असं मी त्याला सांगितलं. तोवर हा बाबा चुलतभावाशी बोलायचा बंद झाला होता. पुढं त्यांचं मिटलं की नाही, मला कधी कळलं नाही.

एका सुनेनं विचारलं होतं की नव्या इंडक्शनवर सासूबाईंचं तांब्याचं पातेलं तापत नाही, आणि घरात सगळे म्हणतात हिनंच शेगडी बिघडवली. मी लिहिलं की फ्रिजवरचं शोभेचं चुंबक पातेल्याच्या बुडाला लावून बघा. चिकटलं तर तापेल, नाही तर नाही, शेगडी चांगली आहे. तिनं लिहिलं, 'थँक यू सर, आत्ताच सासूबाईंना बोलावते.' त्यानंतर ती कधी दिसली नाही. सासूबाई मानल्या का, हे मी आठ दिवस रोज बघत होतो.

शिव्याही खाल्ल्या. मायक्रोवेव्हनं अन्नाचं विष होत नाही, एवढं लिहिलं तर एकानं मला कंपनीचा दलाल ठरवलं. दुसऱ्यानं विचारलं, 'मामा, तुम्ही शास्त्रज्ञ का?' त्याला मी कॉलेजात मामा होतो हे ठाऊक असायचं कारण नाही, तो आपला टिंगल करत होता. पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

ग्रुपवर पुण्याचे एक गृहस्थ होते, मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. लोक त्यांना साहेब म्हणत, मला सर. ते हुशार होते आणि माझ्याआधी लिहायचे. मी तीन उलट प्रश्न विचारून थांबलेला असायचो, तेवढ्यात ते उत्तर देऊन मोकळे. लोक त्यांनाच अंगठे द्यायचे. मला त्याचं वाईट वाटायचं. वाटत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास 'पेरूबाग' नावाच्या माणसानं लिहिलं: 'आईला डॉक्टरनी घरी ऑक्सिजनची मशीन लावली. आमच्याकडं लाईट सारखी जाते. लाईट गेल्यावर मशीन इन्व्हर्टरवर चालेल का? मशीनवर ३५० वॅट लिहिलंय. इन्व्हर्टर ९०० चा, बॅटरी १५० ची.'

सगळे आकडे दिलेले होते. असा विचारणारा महिन्यातून एखादा मिळतो. मी चार मिनिटांत लिहिलं: इन्व्हर्टरची ताकद मशीनच्या दुप्पट आहे, बिनधास्त लावा. बॅटरी चांगली असेल तर तीन तास आरामात निघतील. खाली गुणाकार-भागाकारही मांडला. साहेब अजून आले नव्हते, ते मी दोनदा खालीवर करून बघितलं. दहा मिनिटांनी ते आले आणि माझ्या उत्तराखाली त्यांनी 'अगदी बरोबर' लिहिलं. त्याचा फोटो काढून मी बायकोला पाठवला. तिनं नातीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो उलट पाठवला.

नऊ दिवसांनी दुसऱ्याच कुणीतरी विचारलं की इन्व्हर्टरवर पंखा गुणगुणतो, का? हा नेहमीचा प्रश्न. सरकारी लाईट एकसारखी चढते-उतरते, गुळगुळीत लाटेसारखी; तिला साईन वेव्ह म्हणतात. स्वस्तातला इन्व्हर्टर ती लाट पायऱ्या पाडून देतो, त्याला स्क्वेअर वेव्ह म्हणतात. बल्बला काही फरक पडत नाही. पण ज्याच्या पोटात मोटार आहे त्याला त्या पायऱ्या सोसत नाहीत. मी लिहायला लागलो: 'तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार. त्यावर पंखा गुणगुणतो, मिक्सर तापतो, कॉम्प्रेसर असलेलं कुठलंही यंत्र तर—'

तिथं बोट थांबलं. ऑक्सिजनच्या मशीनमध्ये दुसरं काय असतं? घरातली हवा ओढून दाबणारा कॉम्प्रेसरच.

मी पेरूबागेला विचारलं नव्हतं. नऊ वर्षांत प्रत्येकाला विचारलं, लाईट कशी असते, इन्व्हर्टर कसला आहे. आणि ज्याची आई नळीवर होती त्याला विचारलं नाही.

लगेच जुन्या उत्तराखाली लिहिलं, 'तुमचा इन्व्हर्टर साईन वेव्हचा आहे की स्क्वेअर? कृपया लगेच कळवा, तोवर मशीन त्यावर लावू नका.' खासगी निरोप पाठवला. तो पोचलाच नाही. संध्याकाळपर्यंत बघितलं, दुसऱ्या दिवशी बघितलं. ग्रुपवर लोक एलईडी टीव्हीचं विचारत होते. मी कोणाला उत्तर दिलं नाही. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, 'अहो, त्यांनी कुठल्या तरी वायरमनला विचारलं असेल. तुमचंच ऐकून कोण बसतंय?' ती मला धीर देत होती. ऐकलं असेल तर गुन्हा माझा, नसेल तर नऊ वर्षं फुकट; मला ते दोन्हीकडून लागलं.

पेरूबागेचे जुने प्रश्न काढून वाचले. ठिबकचा फिल्टर तुंबतो, पेरूला क्षाराचं पाणी चालतं का, असले. एकात लिहिलं होतं, 'आमच्या पुणतांब्याला लाईट सांगून जात न्हाई.' तिसऱ्या दिवशी सकाळी मी राहुरीहून श्रीरामपूरची एसटी पकडली, तिथून पुणतांब्याची. नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही. पण गावात घरी ऑक्सिजनवर असलेली म्हातारी एकच असणार, एवढा हिशेब मला करता येत होता.

उतरल्यावर चहाच्या टपरीवर विचारलं. टपरीवाला म्हणाला, 'पेरूची बाग, आन आई आजारी, व्हय ना? आपला संदीप. मागल्या हप्त्यात रोज गाडीला सिलिंडर बांधून जाताना दिसायचा. आता दोन-तीन दिस झालं न्हाई दिसला.'

'का?'

'आता ते मला काय ठाव. तुमी पाव्हनं का?'

'नाही,' मी म्हटलं आणि चहाचा कप तसाच ठेवला. त्यानं दाखवलेली वाट मैलभराची असेल. चालताना मी एकच करत होतो, त्या वस्तीवर माणसं जमलेली दिसतात का, ते लांबूनच बघत होतो.

माणसं नव्हती. दारात क्रेट रचलेले होते आणि पस्तिशीचा एक गडी पेरू निवडत होता. आतून घुर्र-फूस, घुर्र-फूस असा संथ आवाज येत होता. मी ते मशीन आयुष्यात पाहिलं नव्हतं, पण ते चालू आहे एवढं कळलं, आणि मी तिथंच क्रेटवर बसलो.

'काका, पानी देऊ का? कोनाकडं आलाय?'

'तू पेरूबाग का? ग्रुपवरचा?'

तो हसला. 'व्हय. तुमी कुठून काढलं?'

पाणी प्यायलो आणि मग सगळं सांगितलं. ते उत्तर माझं होतं, अमुक विचारायचं राहिलं, तीन दिवस झोप नाही. त्यानं हातातला पेरू क्रेटमध्ये ठेवला. मग त्यानं आत हाक मारली, 'वैशाली, जरा भाईर ये.' त्याची बायको हात पुसत आली.

काय घडलं ते तिनं सांगितलं. मी उत्तर दिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी लाईट गेली. संदीप बागेत होता. मशीन इन्व्हर्टरवर होतं. 'पहिली दहा मिंटं बरं चाललं. मंग आवाज बदलला. भरडायच्या चक्कीत खडा आल्यावानी. मंग जळका वास आला, आन लाल दिवा. मी बटन बंद केलं, सिलिंडर जोडला. नर्सबाईनी शिकीवलं हुतं, म्हनल्या हुत्या का एक सिलिंडर भरून खाटंखाली ठेवायचाच. आत्याबाईंचे ओठ निळे व्हायला लागल्ते. लई घाबरल्या त्या.'

मशीनचं आतलं सर्किटचं कार्ड जळलं होतं. आठवडाभर संदीप श्रीरामपूरहून सिलिंडर आणत होता. मशीन देणाऱ्या दुकानदाराशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं, माल खराब दिला म्हणून. शेवटी दुकानदारानं पदरमोड करून मशीन बदलून दिलं.

'म्हंजी त्या दुकानदाराची काय चूक न्हवती?' संदीपनं विचारलं.

'नव्हती. माझी होती.'

'आयला. मी तर त्याला त्याच्या गिऱ्हाईकांपुढं नाही नाही ते बोललो.' त्यानं डोकं खाजवलं. मला वाटलं आता माझी पाळी. तो बोलला असता तर मी ऐकून घेणार होतो, त्यासाठीच आलो होतो. पण तो म्हणाला, 'जाऊ द्या काका. तुमी कशाला एवढं मनावर घेता? नेटवर कोनी काय बी लिवतंय. आमीच बघून घ्यायला पायजे हुतं.'

त्यानं ते चांगल्या मनानं म्हटलं. माझ्या नऊ वर्षांचं त्याच्याकडे इतकंच होतं: कोणी काय बी लिवतंय. त्याला माझं नावही आठवत नव्हतं. तोच प्रश्न त्यानं आणखी दोन ठिकाणी टाकला होता, आणि सगळीकडून 'चालेल' आल्यावर लावलं. मशीन जळल्यावर ग्रुप मोबाईलवरून काढून टाकला, जागा भरत होती म्हणून. माझा निरोप अशा रिकाम्या जागी पोचत होता.

मी त्यांचा इन्व्हर्टर बघितला; त्या दिवसापासून त्यांनी तो बंदच ठेवला होता. स्क्वेअरच होता, वर लिहिलेलंच होतं. साईन वेव्हचा कसा ओळखायचा, ते कागदावर लिहून दिलं, आणि तो आला तरी खाटेखालचा सिलिंडर हलवायचा नाही, हे खाली रेघ मारून लिहिलं. वैशाली म्हणाली, 'तो न्हाईच हालवत मी.'

मग संदीपनं मला आईला भेटवलं. सत्तरीच्या असतील, बारीक, नाकात नळी. चुलीच्या धुरानं फुप्फुसं गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. 'आई, हे सर हायेत, राहुरीचे. मशीनचं बघायला आलेत.' घरच्या माणसाची चूक झाकावी तशी तो माझी झाकत होता. मी म्हटलं, 'बघायला नाही आक्का. मशीन जळलं ते माझ्या सांगण्यानं. माफी मागायला आलो.'

त्यांनी नाकातली नळी सरळ केली. 'येवढ्यासाठी राहुरीहून आला?'

'हो.'

'जेवला का?'

एवढ्यात लाईट गेली. घुर्र-फूस थांबलं आणि मशीन बारीक ओरडायला लागलं. मी उठलो खरा, पण काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मशीनमध्ये हवेतला नायट्रोजन वेगळा काढून ऑक्सिजन कसा उरतो, हे मी चार पानं लिहू शकलो असतो. वैशालीनं वाकून सिलिंडर पुढं ओढला, चावी फिरवली, इकडची नळी काढून तिकडं बसवली, ऑक्सिजन किती सुटतो ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीतली गोळी दोनच्या रेघेवर आणली आणि मशीनचं ओरडणं बंद केलं. मी मनात मोजत होतो, वीसपर्यंतसुद्धा गेलो नाही. झाल्यावर ती चहा टाकायला गेली. संदीप दुकानदाराला फोन करायला बाहेर गेला. 'शेठ, तुमची माफी मागायची हुती,' एवढं मला ऐकू आलं, मग तो बागेच्या बाजूला गेला.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो. पंखा बंद, सिलिंडरच्या बाटलीतल्या पाण्याचा बुडबुड आवाज. मी उठायला लागलो तर त्या म्हणाल्या, 'बसा की. लाईट येस्तवर बसा. समदे कामाला जात्यात, मी आपली मोजीत बसते बुडबुडे.'

बसलो. मला सवयीनं वाटलं की या बाटलीत पाणी का घालतात ते सांगावं. सांगायला सुरुवातही केली, की कोरडी हवा नाकाला सोसत नाही म्हणून ती पाण्यातून ओली करून देतात. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. मग विचारलं, 'घरी कोन असतं तुमच्या?'

'मी असतो. मंडळी मुलाकडे, नाशकाला.'

'किती दिस झाले?'

'तिसरं वर्ष.'

त्या दम घ्यायला थांबल्या. मग म्हणाल्या, 'आन तुमच्याकडची लाईट गेल्यावर?'

'माझ्याकडे इन्व्हर्टर आहे आक्का,' मी म्हटलं. 'साईन वेव्हचा. चार तास जातो.'

'इन्व्हर्टरचं न्हाई इचारलं मी,' त्या म्हणाल्या.

मी बाटलीतले बुडबुडे मोजायला लागलो. दहापर्यंत आलो होतो, तेवढ्यात पंखा हलला, मशीननं एक लांब श्वास घेतला, आणि वैशाली चहा गॅसवर तसाच ठेवून नळी बदलायला धावत आली. मी बाजूला सरकून तिला वाट करून दिली.